डेंगळ्याचं बी

मुलींचं वसतिगृह, कृषी विद्यापीठ
२८ सप्टेंबर २०२४

आज्जे,

तुझ्या कानाचं मशीन फोनला लागलं की शिट्टी मारतं आणि स्पीकरवर ठेवलं की तुझ्याऐवजी बाबाच उत्तरं देतात, म्हणून हे पत्र. शिवाय आमच्या सरांना सगळं कागदावर हवंय.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला पीक उत्पादनाचं प्रात्यक्षिक असतं. प्रत्येकाला एक गुंठा जमीन देतात. रोपं तयार करण्यापासून काढणीपर्यंत सगळं आपल्या हातानं करायचं आणि रोजच्या रोज वहीत लिहायचं. मला रब्बीचा कांदा आलाय. अर्ध्या गुंठ्यात विद्यापीठाचं बी लावायचं आणि अर्ध्यात कुणा शेतकऱ्यानं घरी राखलेलं. आपलं निघोज्याचं रान कंपनीच्या कंपाउंडात गेलं, पण तू रहाटणीच्या गच्चीवर अजून कांदा लावतेस आणि बी घरचंच धरतेस, हे मी सरांना सांगितलं. ते खूश झाले. तेवढं बी पाठव, आणि ते कसं राखतेस ते स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही कर. तो कागद मी वहीत चिकटवणार आहे.

बाबा अजून म्हणतायत का, घरात शेती येणारी म्हातारी असताना पोरीला विद्यापीठात कशाला ठेवायची? या प्रात्यक्षिकात नापास झाले तर वर्ष जाईल, आणि मग ते मला घरी नेऊन त्यांच्या ऑफिसात बसवतील हे मला माहीत आहे. म्हणून बी चांगलं पाठव.

सायली

रहाटणी
५ ऑक्टोबर २०२४

चि. सायली,

आशीर्वाद आहेच, तो दरवेळी लिहीत बसत नाही.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, म्हणजे तुझ्या आईला स्वयंपाकघरात ऐकू जावं की या घरातल्या कुणाची गरज विद्यापीठाला लागते. मी चौथी पास आहे. लिहायचं ते पुस्तकासारखं, असं आमच्या गुरुजींनी छडी मारून शिकवलं होतं. जमेल तिथवर तसं लिहिते, पुढं सुटलं तर सुटलं.

तुझा बाप तेच म्हणतोय. काल जेवताना म्हणाला, आईला विचारलं असतं तर तिनं घरबसल्या शिकवलं असतं. मी काही बोलले नाही. आपली तारीफ चालू असताना मध्ये तोंड घालू नये.

बी पाठवते. बीपीच्या गोळ्यांच्या तीन डब्या भरल्यात. गोळ्या आधी काढून घेतल्यात, तुझ्या रोपांना चक्कर येणार नाही.

आता ते राखायचं कसं, ते सरांना वाचून दाखव. उन्हाळ्यात कांदा निघाला की त्यातला गोल, एकसारखा, बारीक मानेचा कांदा निवडायचा. जोडकांदा घ्यायचा नाही, जाड मानेचा घ्यायचा नाही. निवडलेल्याची पात गुंफून तो पावसाळाभर वाऱ्याला टांगायचा. दिवाळीच्या सुमाराला तोच कांदा वरून थोडा कापून पुन्हा जमिनीत लावायचा. मग त्याला दांडे फुटतात, दांड्यावर पांढरे गोंडे येतात आणि उन्हं तापली की गोंड्यात काळं बी धरतं. म्हणजे बी हातात यायला दोन वर्षं. हे माझ्या सासूबाईंनी, केसरबाईंनी मला शिकवलं. रान गेल्यापासून, म्हणजे सोळा वर्षं, मी गच्चीवर कंपनीतले निळे ड्रम अर्धे कापून त्यात हेच करत आले.

सरांना सांग, आणखी काही अडलं तर विचारा. मला सगळं येतं.

सही : कौशल्याबाई नानासाहेब येळवंडे
(शेतकरी)

वसतिगृह
१४ नोव्हेंबर २०२४

आज्जे,

बी उगवलं. तुझं तर विद्यापीठाच्या बियाच्या एक दिवस आधी उगवलं. सर रोपांपाशी उकिडवे बसून बघत होते.

तुझं पत्र त्यांनी वर्गात वाचून दाखवलं. म्हणाले, बीनिवडीचं इतकं स्वच्छ वर्णन पुस्तकातसुद्धा नाही. मग त्यांनी बाकीच्यांना समजावलं की कांदा हे दोन वर्षांचं पीक. पहिल्या वर्षी कांदा, दुसऱ्या वर्षी बी. जो कांदा पहिल्याच वर्षी मधून दांडा फेकतो, त्याला डेंगळा आला म्हणायचं. तो कांदा पोसत नाही, टिकत नाही, आणि त्याचं बी तर कधीच धरायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी रानभर डेंगळेच उभे राहतात. एकानं विचारलं, हे आजींनी पत्रात का नाही लिहिलं? मी म्हटलं, तिला ते इतकं साधं वाटलं असेल की लिहायची गरजच वाटली नसेल. सर म्हणाले, बरोबर.

दोन मार्चला शिवारफेरी आहे. आजूबाजूचे शेतकरी येऊन आमचे वाफे बघतात. तुझ्या अर्ध्या गुंठ्यावर पाटी लागणार आहे. ‘कौशल्याबाई वाण’. तुला बोलवायचं ठरलंय.

सायली

रहाटणी
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सायली,

पाटी लावू नको. जिवंतपणी नाव लावलं की आयुष्य कमी होतं, असं आपल्यात म्हणतात. आपल्यात कोण म्हणतं ते विचारू नको.

आणि माझं ऐकशील तर त्या अर्ध्या गुंठ्यातही विद्यापीठाचंच बी लाव. माझं बी गच्चीवरचं. त्याला रानाची सवय नाही. ते तुझ्या भावासारखं आहे, चपलेशिवाय मातीत उतरायचं नाही. शिवाय त्या डब्यांच्या तळाला गोळ्यांची भुकटी राहिली असेल, मी नीट पुसल्या नव्हत्या. रोपं मेली असं वहीत लिहून टाक. रोपं मरतात, त्याची कुणी चौकशी लावत नाही.

यंदा थंडीही जास्त पडणार असं टीव्हीवर सांगत होते. जास्त थंडीत कांद्याचं काहीही होतं. हेही सरांच्या कानावर घालून ठेव.

पाटी केवढी आहे ते मात्र कळव. आणि पूर्ण नाव आहे की नुसतंच कौशल्याबाई?

आज्जी

वसतिगृह
२२ डिसेंबर २०२४

आज्जे,

तू लाजतेस हे मला आजच कळलं. बहात्तर वर्षांत पहिल्यांदाच लाजली असशील.

रोपांची लागवड झाली. दोन दिवस वाफ्यात वाकून होते, पाठ मोडली. पाटी हातभर लांब आहे, निळी, आणि पूर्ण नाव आहे. फोटो मी बाबांना पाठवला. त्यांनी तो रहाटणीच्या सगळ्या ग्रुपवर टाकला म्हणे, आणि खाली लिहिलं, ‘आमच्या मातोश्री.’ आता तू मार्चला येणारच.

सायली

वसतिगृह
१३ फेब्रुवारी २०२५

आज्जी,

तुझ्या अर्ध्या गुंठ्यात डेंगळे आले. चारदोन असते तर मी उपटून टाकले असते. मी मोजले. शंभरात सत्तर. शेजारच्या विद्यापीठाच्या अर्ध्यात शंभरात दोन.

सरांनी आज मला एकटीला बोलावलं. तुझं पत्र वहीतून काढून समोर ठेवलं. म्हणाले, असं निवडलेलं बी असेल तर इतके डेंगळे येणं शक्य नाही. मग एकच उरतं. रोपवाटिका मी केलीच नाही, घरून जून झालेली रोपं आणून लावली आणि वही खोटी भरली. जून रोपं लावली की डेंगळे येतात. मी सांगितलं की मी रोज सकाळी पाणी दिलंय. ते म्हणाले, ‘मग तुझी आजी खोटं बोलते का?’ मी म्हटलं, नाही.

वही खोटी ठरली तर सरळ नापास. बाबांना कसं कळलं माहीत नाही, पण त्यांचा फोन आला होता. म्हणाले, सामान बांधून ठेव, मेमध्ये गाडी पाठवतो, उगीच चार वर्षांची पाच करू नकोस, शेती शिकायची तर आईकडून शिक.

केसरबाईंच्या वेळी असं कधी झालं होतं का? झालं असेल तर लिही. मी काय चुकले ते मला कळत नाहीये.

सायली

रहाटणी
१८ फेब्रुवारी २०२५

सायली,

आज पुस्तकासारखं जमायचं न्हाई.

तू चुकली नाहीस. बी चुकलं, आणि बियाच्या मागं मी.

निघोज्याला लग्न होऊन गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, मला खुरपायला नेलं. मी तणाबरोबर कोथिंबिरीचा अख्खा वाफा उपटला आणि ढीग दाखवून शाबासकीची वाट बघत उभी राहिले. आत्याबाई बोलल्या, ‘हिला चुलीम्होरं बसवा, रान वाचंल.’ तेव्हापासून रान जाईपर्यंत मी भाकरी थापल्या. जेवण घेऊन बांधापर्यंत जायची आणि बांधावरून माघारी. कांदे गोठ्यात टांगलेले असायचे, म्हशींच्या धारा काढताना माझ्या डोक्यावर. म्हणून तुला जे लिहून पाठवलं ते सगळं खरं आहे, पण ते त्यांचं आहे. मी ते नुसतं खालून बघितलं.

मग रान गेलं, आपण रहाटणीत आलो. इथल्या बायका सगळ्या शेतकऱ्यांच्याच सुना, पण त्यांनी बंगल्यात राहायला लागल्यावर माती सोडली. मी गच्चीवर ड्रम कापून कांदा लावला, तर मला ‘शेतीवाल्या आजी’ म्हणायला लागल्या. कुणाची कुंडी सुकली की माझ्याकडं. मी म्हणायची, पाणी कमी कर. दुसरी आली की म्हणायची, पाणी वाढव. निम्म्या कुंड्या जगायच्या, तेवढ्यांवर माझं नाव चालायचं.

पहिल्याच साली माघात काही कांद्यांनी दांडे फेकले, गोंडे आले, बी धरलं. मला वाटलं, बघा, आत्याबाईंना दोन वर्षं लागायची आणि मला एकच. इतकी हुशार मी, आणि मला चुलीम्होरं बसवली. त्या दिवसापासून दरसाल जो कांदा आधी दांडा फेकेल त्याला चिंधी बांधायची आणि त्याचंच बी धरायचं. सोळा वर्षं. कांदे लिंबाएवढे व्हायला लागले तर मी ड्रमला नावं ठेवली.

तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचलं आणि तशीच उठले. दुसऱ्या मजल्यावर साधना भाड्यानं राहते ना, औश्याकडची, तिचा नवरा चाकणला कंपनीत आहे. तिला वर नेऊन ड्रम दाखवले. ती म्हणाली, हे डेंगळ्याचं बी, आमच्याकडं शेंबडं पोरबी धरत न्हाई. मी विचारलं, दोन वर्षं इथं राहतेस, कधी बोलली का नाहीस? तर म्हणते, ‘तुमी घरमालकीण. आमी कसं बोलावं.’

म्हणजे नोव्हेंबरपासून मला माहीत होतं. तरी मी तुला गोळ्यांची भुकटी आणि थंडी लिहीत बसले. का, ते विचारशील. पाटीसाठी. रेशनकार्ड सोडून माझं नाव कशावर आलं नव्हतं. वाटलं, थंडी पडली तर दोष तिच्यावर जाईल, नाहीतर निभावलं तर निभावलं.

सोबत सरांना वेगळा कागद लिहिलाय. त्यात हेच आहे, कोथिंबीर सोडून. तो त्यांना दे. तुझ्या बापाला मी अजून सांगितलं नाही. सांगेन.

कौशल्याबाई

वसतिगृह
२५ फेब्रुवारी २०२५

आज्जी,

कागद सरांना दिला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. म्हणाले, अक्षर एकच, सही एकच, आणि गोष्टी दोन. नातीचं वर्ष वाचवायला कुठलीही आजी असा कागद लिहील. पहिला खोटा असेल तर दुसरा खरा कशावरून?

तुझ्या पहिल्या कागदावर मी तीन महिने अभिमानानं बोट ठेवून दाखवत होते.

ते म्हणाले, आजींना शिवारफेरीला येऊ दे. मी त्यांना वाफ्यात उभं करून विचारीन. तू जवळ थांबायचं नाहीस. त्यावरून काय ते ठरवीन.

सगळ्या लोकांसमोर विचारणार आहेत. बाबाच गाडी घेऊन येतील, म्हणजे तेही असतील. मी तुला ये म्हणणार नाही आणि येऊ नको असंही म्हणणार नाही. मला अजून राग आलेला आहे.

सायली

रहाटणी
५ मार्च २०२५

सायली,

निघताना तू नीट बोलली नाहीस, ते ठीकच आहे. सरांनी तुला पार फाटकाजवळ नावं लिहायच्या टेबलावर बसवलं होतं, म्हणून वाफ्यात काय झालं ते तुला लोकांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं असेल. लोक मीठमसाला लावतात. खरं मी लिहिते. आता मला सराव झालाय.

पन्नाससाठ माणूस होतं. पाटी बघितली. लांबून वाचता येते. विद्यापीठाचा कांदा शहाण्या पोरांसारखा खाली बसलेला, आणि माझ्या नावामागं डेंगळे असे उभे, जशी वरातीतली माणसं. सर मला वाटलं होतं त्याहून तरणे निघाले. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की या आजी सोळा वर्षं घरचं बी राखतात. मग मला म्हणाले, आजी, इथून पुढच्या सालासाठी बी धरायचं झालं तर कुठलं झाड धराल, ते दाखवा.

गाडीत मी भाषण पाठ केलं होतं. भाषण तोंडाशी आलं, पण हात आधी गेला. मधोमध सगळ्यात उंच, जाड दांड्याचा एक डेंगळा होता. बघितल्याबरोबर बरं वाटलं. वाकून त्याचा दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं चिंधी काढायला कमरेला चाचपायला लागले. तेव्हा लक्षात आलं की मी काय धरलंय. हात सोडवेना. सर माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते, त्या हाताकडं बघत होते.

मग मी म्हटलं, ‘हे असं करते मी. जो आधी उठला त्यालाच हुशार समजले. कागदावर लिहिलं ते सासूचं, हे माझं. पोरीनं रोपं स्वतः केली, बी मी वाईट दिलं.’

एक फेटेवाला म्हणाला, आजी, तुमचा कांदा फुलबाजारात न्या. सगळे हसले. मीही हसले, कारण बरोबर होतं. तुझा बाप हसला नाही. तो मोबाईलमध्ये बघत होता, आणि मोबाईल बंद होता.

पुढचं तुला कुणीच सांगितलं नसेल. पिठलंभाकरीच्या रांगेत माझ्या मागं एक बाई येऊन उभी राहिली. इकडंतिकडं बघून म्हणाली, ‘आजी, आमीबी तेच धरतो. दोन वर्सं कोण थांबतंय.’ तिच्या मागं दुसरी होती, तीही तशीच. तिसरीनं तर असलं बी मोठ्या जावेला दिलं होतं, चुकून की मुद्दाम ते तिनं सांगितलं नाही. चौथी नुसती मान हलवत होती. मी विचारलं, मघाशी वाफ्यात का गप्प होता? तर म्हणाल्या, पुरुष माणसं होती, आणि सर शिकलेले.

मी ताट तिथंच ठेवलं आणि चौघींना सरांपुढं नेऊन उभं केलं. त्या पळायला बघत होत्या, एकीचा पदर मी धरूनच ठेवला होता. सर खुर्चीवरून उठले. म्हणाले, ‘नऊ वर्षं मी ही फेरी घेतो. काय चांगलं आलं तेच सगळे सांगतात. काय चुकलं ते आज पहिल्यांदा ऐकतोय.’ वही काढून त्यांची गावं लिहून घेतली, कोण कधीपासून असं बी धरतं तेही. त्यांचं जेवण राहिलं ते राहिलंच.

तुझ्या वहीचं मी शेवटी विचारलं. म्हणाले, रोपवाटिका तिनंच केली हे मला पटलं, ती पास होईल. पण न तपासता कागद चिकटवला, त्याचे मार्क कापणार. मी म्हटलं, कापा, माझे कुठं जातायत.

येताना तुझा बाप रणजीत गाडी चालवत होता. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मागं गाडी पाऊण तास उभी होती. तिथं तो समोर बघतच म्हणाला, ‘आई, म्हणजे आपल्या घरात शेती कुणालाच येत न्हाई.’

मी म्हटलं, ‘न्हाई.’

‘तुला येते म्हणून मी तिला घरी आणत होतो.’

‘व्हय.’

पुढचा कंटेनर हलला. रणजीतनं गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मग म्हणाला, ‘शिकू दे तिला. त्याच्या पुढचंबी काय असतं ते शिकू दे.’

मी म्हटलं, आधी गाडी काढ, मागचे शिव्या देतायत.

कौशल्याबाई